मोरचुदाचं पाणी

मे. बाहेर त्रेचाळीस अंश, आत फ्रीजच्या काट्यावर चार.
दर चार तासांनी मी वहीत लिहितो ते फक्त आतलं.
बाहेरचं माझ्या शर्टाच्या पाठीवर आपोआप उमटतं.

त्या दिवशी विडी घरकुलातून बाया आल्या टेम्पो भरून.
पोशम्मा म्याकल सगळ्यांच्या पुढे.
वय? "सेहेचाळीस. नाहीतर अठ्ठेचाळीस."
वजन? काटा बावन्नवर थांबला.
जेवून आलात? कावीळ झालेली? वर्षभरात कुठं गोंदवलंय?
"गोंदण?" तिनं मनगट पुढं केलं.
पाच वर्षांची असताना काढलेलं तुळशीवृंदावन,
आता नुसता हिरवा डाग.
मी 'नाही' लिहिलं.

बोट टोचायला दोनदा सुई लागली.
रोज हजार विड्या वळणारं बोट,
कातडीपेक्षा पत्र्याच्या जवळचं.
थेंब सोडला मोरचुदाच्या निळ्या पाण्यात.
बुडाला तर चालतो. तरंगला तर नाही.
तो जरा खाली गेला,
उंबऱ्यावर अडखळलेल्या पाहुण्यासारखा अर्ध्यात थांबला,
आणि परत वर आला.

"वर आला की!" ती हसली. तिला वाटलं, पास.

हे कसं सांगायचं ते डिप्लोमात शिकवत नाहीत.
"ना नेत्तुरु हलकं?" तिनं विचारलं. "पाण्याहून?"
मागच्या बाया एकदम गप्प.
मी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी सांगितली,
चहा जेवणावर पिऊ नका म्हटलं.
बिस्किटाचा पुडा तिनं टेबलावरच ठेवला.
दिलंच नाही, तर खाऊ कसं?

गणपती उठल्यावर ती एकटीच आली, रिक्षा करून.
पिशवीतून डबा काढून दाखवला, पुरावा म्हणून:
हळिवाचे दोन लाडू, शेंगदाणे, गूळ.
थेंब सोडला. आम्ही दोघंही वाकलेलो.
निळ्यातून सरळ तळाला, खडा पडावा तसा.
"गेला!" ती म्हणाली,
माणूस मेल्यावर म्हणतात तोच शब्द, आनंदानं.

साडेतीनशे मिलिलिटर. सात मिनिटं.
पिशवीवर नाव नसतं, आकडा असतो.
दुपारी यंत्रात गरगरून एकाचे तीन झाले.
लाल ठेवलं चार अंशांत.
पिवळा प्लाझ्मा उणे तीसमध्ये, वर्षभरासाठी दगड.
प्लेटलेटना थंडी सोसत नाही,
त्या बावीस अंशांत पाळण्यावर हलत राहतात, पाच दिवस;
हलणं थांबलं की एकमेकींना चिकटतात.
मला ते हलणं ओळखीचं आहे.
साखर पेठेत वडिलांचा धोटा असाच जायचा-यायचा,
थांबला की आई चूल पेटवायच्या आधी डबा हलवून बघायची.

तपासण्या होईपर्यंत तिन्ही पिशव्या वेगळ्या कप्प्यात, संशयितासारख्या.
एचआयव्ही, दोन्ही कावीळ, गुप्तरोग, मलेरिया.
इथं कुणाची ओळख चालत नाही. मी दिलं तेव्हा माझंही तिथंच होतं.

तिसऱ्या दिवशी लाल पिशवी गेली,
थॅलेसेमियाच्या वॉर्डात, नऊ वर्षांच्या एका पोरासाठी.
प्लाझ्मा अजून गोठलेलाच.
प्लेटलेट त्या आठवड्यात त्या गटाच्या कुणीच मागितल्या नाहीत.
पाचव्या रात्री बारा वाजता मी ती पिशवी पाळण्यावरून उतरवली.
वहीत लिहिलं: मुदत संपली.
हातात धरली तेव्हा ती अजून खोलीइतकीच कोमट होती.

सहाव्या दिवशी फोन.
"लागलं का कुणाला?"

"लागलं," मी म्हणालो.
तिसरा हिस्सा लागलं असं मराठीत कुणी म्हणत नाही.
शेजारी फ्रीज गुरगुरत होता.

"मग पुढची तारीख?"
बायांना एकशेवीस दिवस. मी बोटांवर मोजले.
जानेवारीचा मध्य.
"म्हणजे गड्डा भरलेला असेल," ती म्हणाली,
"जत्रेला येते तशी येते."
मग आवाज खाली आला:
"थंडीत थेंब नीट बुडतो का हो?"